मेंदूच्या नोंदींचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

मेंदूतील विद्युत संकेतांची नोंद कशी घेतात, यावर या सदरात दोन महिन्यांपूर्वी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख नोंद घेण्यापेक्षा पुढच्या कामाकडे होता : आलेले आकडे संगणकावर ठेवायचे कसे, वाचायचे कसे, आणि त्यासाठी प्रोग्रामिंग किती व कोणत्या क्रमाने शिकायचे. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी प्राणिशास्त्र घेऊन एम.एस्सी. करीत आहे. पुढे चेताविज्ञानात काम करण्याची इच्छा आहे, पण प्रोग्रामिंगचा गंध नाही आणि आमच्या महाविद्यालयात अशी नोंद घेणारे यंत्रही नाही. कोणी म्हणते, आधी पायथन पूर्ण शिका. कोणी म्हणते, या क्षेत्रात मॅटलॅबच चालते. सुरुवात कोठून करावी? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : भाषेचा वाद फार लांबवू नये. मॅटलॅबला परवान्याचे पैसे पडतात, पायथन फुकट आहे, आणि या क्षेत्रातील नवी साधने बहुतांशी पायथनमध्ये येत आहेत. जुन्या प्रयोगशाळांमधून मॅटलॅबचा कोड अजून भरपूर आहे, तो वाचता येण्यापुरती ओळख पुढे आपोआप होते. पायथन 'पूर्ण' शिकण्याच्या मागे मात्र लागू नका, कारण ते पूर्ण कधीच होत नाही. लिस्ट, लूप, फंक्शन आणि नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या साधनातील सारण्या एवढे हाताखाली आले की एखादी खरी फाइल उघडावी आणि उरलेले तिच्यावर शिकावे.

ती फाइल कोणती, हेही सांगतो. फिजिओनेट या खुल्या संग्रहात १०९ व्यक्तींच्या ईईजी, म्हणजे डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत, नोंदी आहेत. डोक्यावर ६४ इलेक्ट्रोड लावून, सेकंदाला १६० नमुने या वेगाने, प्रत्येक व्यक्तीच्या १४ छोट्या नोंदी घेतलेल्या आहेत. पहिली नोंद एक मिनिटाची, डोळे उघडे ठेवून. दुसरी एक मिनिटाची, डोळे मिटून. एका व्यक्तीच्या या दोनच फाइल उतरवून घ्या. प्रत्येकीचा आकार साधारण सव्वा मेगाबाइट, म्हणजे व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या दोन-चार लग्नपत्रिकांच्या चित्रांएवढा. वाचण्यासाठी एमएनई-पायथन हे साधन वापरावे. तेही फुकट आहे.

या दोन फाइलींवर करायचे काम शंभर वर्षांपूर्वीचे आहे. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या नोंदीत सेकंदाला दहाच्या आसपास लाटा दिसतात आणि डोळे उघडताच त्या दबतात, हे त्यांनी दाखवले. या लाटांना आपण अल्फा म्हणतो. तुम्हाला हेच पुन्हा पाहायचे आहे. कोणतेही तयार फंक्शन लावण्यापूर्वी डोक्याच्या मागच्या बाजूच्या 'ओ१' या इलेक्ट्रोडच्या मिटल्या डोळ्यांच्या नोंदीचे पाच सेकंद पडद्यावर काढावेत आणि एका सेकंदात किती शिखरे येतात ती बोटाने मोजावीत. आठ ते तेरा भरली, तर वारंवारतांचा आलेख काढल्यावर दहा हर्ट्झजवळ, म्हणजे सेकंदाला दहा लाटांजवळ, जो उंचवटा दिसेल, तो कशाचा आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल.

हे करताना चार ठिकाणी अडखळाल, आणि खरे शिक्षण त्या चार ठिकाणीच आहे. पहिले म्हणजे 'ओ१' नावाची वाहिनी (एका इलेक्ट्रोडची नोंद) शोधल्यावर संगणक ती नाहीच म्हणेल, कारण फाइलमध्ये तिचे नाव 'ओ१' पुढे दोन टिंबे असे लिहिलेले आहे. सर्व नावांची लांबी सारखी करण्यासाठी कोणी तरी टिंबे भरली आहेत. वाहिन्यांची यादी छापून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. दुसरे, आकडे ०.००००२ असे दिसतील आणि फाइल रिकामी आहे असे वाटेल. एमएनई आकडे व्होल्टमध्ये देते, त्यांना दहा लाखांनी गुणले की वीस मायक्रोव्होल्ट हा नेहमीचा आकडा मिळतो. तिसरे, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने विजेचा गुणगुणाट काढण्यासाठी ५० हर्ट्झवर खाच पाडणारी चाळणी लावण्याची सवय आपल्या लोकांना असते. ही नोंद अमेरिकेतील आहे आणि तेथील वीज ६० हर्ट्झची. ५० वर चाळणी लावली, तर नको तेथे खड्डा पडतो आणि ६० वरचा सुळका जागच्या जागी उभा राहतो. चौथे, या संग्रहातील मोजक्या व्यक्तींच्या नोंदी १६० ऐवजी १२८ नमुन्यांच्या आहेत. कोडमध्ये १६० हा आकडा हाताने लिहून ठेवणाऱ्याची त्या व्यक्तींपाशी सगळी वारंवारता चुकते आणि कोठेही चूक दाखवली जात नाही. नमुन्यांचा वेग नेहमी फाइललाच विचारावा.

अशा तीन-चार फाइली हाताखालून गेल्यावर न्यूरोमॅच अकादमीचा अभ्यासक्रम पाहावा. २०२० पासून तो ऑनलाइन चालतो, त्याचे धडे खुले आहेत आणि पायथनमध्येच आहेत. आधीच त्यात शिरलात, तर गणिताचा वेग अंगावर येईल.

प्रश्न : न्यूरोपिक्सेल्स शलाकेने (मेंदूत घालायची, नोंदीच्या शेकडो जागा असलेली बारीक सुई) घेतलेली उंदराच्या मेंदूची, स्पाइकजीएलएक्स या नोंद घेणाऱ्या प्रोग्रामची मूळ फाइल मला एका मित्राकडून मिळाली. प्रत्येक वाहिनीवरील संकेताची ताकद काढण्यासाठी आकड्यांचा वर्ग, वर्गांची सरासरी आणि तिचे वर्गमूळ असा साधा हिशेब केला. काही वाहिन्यांचे उत्तर 'आकडा नाही' असे येते. चित्र काढले, तर सगळे संकेत तिरके सरकत गेल्यासारखे दिसतात. शिवाय पूर्ण फाइल उघडली की लॅपटॉप गोठतो. नोंदच खराब आहे काय? — संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : तुमच्या वर्णनावरून तरी नोंद ठीक दिसते. तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि तुमचे पत्र इतके नेमके आहे की तिन्ही येथे बसून सांगता येतात.

फाइलमधील प्रत्येक आकडा सोळा बिटांचा पूर्णांक आहे. अशा पूर्णांकात उणे ३२७६८ पासून ३२७६७ पर्यंतच मावते. १८१ चा वर्ग ३२७६१, तो मावतो. १८२ चा वर्ग ३३१२४, तो मावत नाही. न मावणारे उत्तर आले की नमपाय थांबत नाही आणि इशाराही देत नाही. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९९९९ नंतर शून्यावर येत असे, तसा हा आकडा गोल फिरून उण्या बाजूने वर येतो. २०० चा वर्ग ४०,००० असायला हवा, तो उणे २५,५३६ होतो. ज्या वाहिन्यांचा शून्यबिंदू २०० च्या आसपास सरकलेला आहे, त्यांच्या वर्गांची सरासरी उणे आली आणि उण्या संख्येचे वर्गमूळ काढायला गेल्यावर 'आकडा नाही' हे उत्तर मिळाले. मला काळजी त्या वाहिन्यांची नाही, उरलेल्यांची आहे. एखादी वाहिनी ३०० च्या आसपास असेल, तर ९०,००० ऐवजी २४,४६४ उरतात, वर्गमूळ १५६ येते, आणि १५६ हा आकडा पाहून कोणालाही संशय येत नाही. तेव्हा हिशेबापूर्वी आकडे दशांश प्रकारात बदलून घ्यावेत, प्रत्येक वाहिनीतून तिचा मध्यक वजा करावा आणि मग वर्ग करावा. शलाका पहिल्या पिढीची आणि वर्धन, म्हणजे संकेत जितक्या पटीने वाढवला ते, नेहमीचे ५०० असेल, तर फाइलमधील एक पायरी म्हणजे सुमारे २.३४ मायक्रोव्होल्ट, ही गुणणी केल्यावरच आकड्याला ताकद म्हणावे.

तिरपेपणाचे कारण एका आकड्यात आहे. या शलाकेवर नोंदीच्या ९६० जागा असतात आणि त्यांपैकी ३८४ एका वेळी वाचल्या जातात, हे तुम्ही वाचले असणार; म्हणून तुम्ही फाइल ३८४-३८४ च्या ओळींत तोडली. फाइलमध्ये मात्र दर क्षणाला ३८५ आकडे आहेत. शेवटचा आकडा मेंदूचा नव्हे, तर वेळ जुळवण्याच्या खुणेचा असतो. प्रत्येक ओळीत एकाची चूक झाली, की दुसऱ्या ओळीपासून वाहिनी एकेक घर सरकत जाते, आणि तुम्हाला दिसलेला तिरपा उतार तयार होतो. फाइलसोबत आलेली मेटा फाइल साध्या मजकुराची असते. तिच्यात 'एनसेव्ह्डचॅन्स' या शब्दापुढे ३८५ लिहिलेले सापडेल. पडताळा सोपा आहे : फाइलचे एकूण बाइट ३८५ च्या दुपटीने, म्हणजे ७७० ने, निःशेष भागले गेले पाहिजेत.

लॅपटॉप गोठण्याबद्दल इतकेच, की सेकंदाला ३०,००० नमुने, ३८५ वाहिन्या आणि दर नमुन्याला दोन बाइट असा गुणाकार केला, तर एका तासाचे सुमारे ८३ गिगाबाइट होतात. ते साध्या लॅपटॉपच्या स्मृतीत मावणार नाहीत. नमपायमधील मेममॅप वापरले, तर फाइल डिस्कवरच राहते आणि मागितलेला तुकडा तेवढा वर येतो. एका सेकंदाचा तुकडा २३ मेगाबाइटचा असतो आणि तो आठ गिगाबाइटच्या जुन्या यंत्रालाही झेपतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, पदार्थविज्ञान शिकवत असे. एकाच तारेवर आजूबाजूच्या अनेक चेतापेशींचे संकेत एकत्र येतात, असे आपण लिहिले होते. मग कोणता संकेत कोणत्या पेशीचा, हे संगणक ठरवतो तरी कसा? भजनात दहा टाळकरी असताना एका ध्वनिमुद्रणावरून कोणाचा टाळ कोणता हे सांगण्यासारखेच झाले. — एक वाचक, दापोली

उत्तर : तुमचा टाळकऱ्यांचा दृष्टांत इतका चपखल आहे की उत्तरही त्यातच देतो.

आधी मृदंग आणि वीणा बाजूला काढावी लागते. चेतापेशीचा ठोका, म्हणजे तिचा एक विद्युत संकेत, सुमारे एक मिलिसेकंदाचा असतो, त्यामुळे साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे सगळे संथ चढउतार चाळून टाकतात. उरलेल्या संकेतात खरा ठोका कोणता आणि नुसती खरखर कोणती, हे ठरवण्यासाठी खरखरीची उंची मोजावी लागते. प्रमाण विचलन काढले, तर मोठ्या ठोक्यांमुळे तेच फुगते आणि उंबरठा अकारण वर जातो. म्हणून निरपेक्ष मूल्यांचा मध्यक काढून त्याला ०.६७४५ ने भागतात. हा आकडा कोठून आला, हे तुम्ही लगेच ओळखाल : सामान्य वितरणात निम्मी मूल्ये मध्याच्या दोन्ही बाजूंना ०.६७४५ प्रमाण विचलनाच्या आत असतात. आलेल्या उत्तराच्या चार-पाचपट उंचीचा ठोका आला, की तो उचलून ठेवायचा.

आता टाळ वेगळे करायचे. एकच माइक असेल, तर प्रत्येक टाळाच्या नादाच्या घडणीवर, म्हणजे ठोक्याच्या आकारावर, भिस्त ठेवावी लागते आणि दोन टाळ एकाच भांड्याचे ओतलेले असले की फसगत होते. माइक अनेक असतील, तर काम पुष्कळ सोपे होते, कारण प्रत्येक टाळकरी कोणत्या तरी माइकला जवळ आणि इतरांना लांब असतो. न्यूरोपिक्सेल्स शलाकेवर नोंदीच्या ओळी एकमेकींपासून २० मायक्रोमीटरवर आहेत, त्यामुळे एकाच पेशीचा ठोका आजूबाजूच्या अनेक जागांवर कमी-अधिक उंचीने उमटतो. हा उंचीचा नकाशा हीच त्या पेशीची ओळख. किलोसॉर्टसारखे प्रोग्राम असे नकाशे स्वतः शिकतात आणि संपूर्ण नोंदीत त्यांचे ठसे शोधत जातात. दोन ठोके एकमेकांवर पडले असले, तरी एक ठसा वजा करून दुसरा शोधता येतो.

यात एक नैसर्गिक कसोटी आहे आणि मला ती फार आवडते. एकदा ठोका दिल्यावर चेतापेशीला एक-दोन मिलिसेकंद पुन्हा ठोका देताच येत नाही. म्हणजे एका टाळकऱ्याच्या नावावर टाकलेल्या ठोक्यांमध्ये इतक्या जवळच्या जोड्या वारंवार सापडू लागल्या, तर त्या नावाखाली दोन टाळकरी दडले आहेत. उलट बाजूची चूक अशी पकडता येत नाही. क्वचित वाजवणारा किंवा लांब उभा असलेला टाळकरी खरखरीत हरवतो, आणि मेंदू शलाकेच्या तुलनेत काही मायक्रोमीटर सरकला, की एकच टाळकरी दोन नावांनी यादीत येतो. म्हणूनच संगणकाने केलेली वर्गवारी 'फाय' नावाच्या प्रोग्राममध्ये उघडून माणूस पुन्हा डोळ्यांखालून घालतो. एकाच नोंदीवर वेगवेगळे वर्गवारी प्रोग्राम चालवले, तर त्यांचे आपसात फारसे पटत नाही, हे स्पाइकइंटरफेस या साधनाच्या कर्त्यांनी २०२० मध्ये दाखवले आहे. त्यामुळे 'आम्ही इतक्या शेकडो पेशींची नोंद घेतली' असे विधान वाचताना तो आकडा मोजलेला कमी आणि ठरवलेला अधिक असतो, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मी मेंदूविकार विभागात निवासी डॉक्टर आहे. प्रबंधासाठी साठ रुग्णांच्या ईईजी फाइली ईडीएफ स्वरूपात काढून घेतल्या आहेत. विश्लेषण एका मित्राकडून करून घ्यायचे आहे. फाइलींची नावे बदलून 'रुग्ण ०१', 'रुग्ण ०२' अशी केली आहेत. एवढे पुरेसे आहे ना? — एक डॉक्टर, पुणे

उत्तर : नाही. कृपया अजून काहीही पाठवू नका.

ईडीएफ हे अशा नोंदी साठवण्याचे १९९२ पासूनचे स्वरूप आहे. त्याच्या फाइलीच्या आरंभी २५६ बाइटांचा एक हेडर असतो. पहिली आठ अक्षरे आवृत्तीची, त्यानंतरची ८० अक्षरे रुग्णाच्या ओळखीची, पुढची ८० नोंदीच्या तपशिलाची, मग आठ अक्षरांत तारीख आणि आठ अक्षरांत वेळ. यंत्रावर तंत्रज्ञाने रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख भरली असेल, तर बहुधा ती सगळी त्या ८० अक्षरांत जशीच्या तशी बसलेली असतात. बाहेरून फाइलचे नाव बदलल्याने आत काहीच बदलत नाही. तपासण्यासाठी एका फाइलची प्रत काढून ती साध्या मजकुराच्या प्रोग्राममध्ये उघडा. पहिल्या ओळीतच रुग्णाचे नाव दिसण्याची शक्यता आहे. ती प्रत तेथून 'सेव्ह' मात्र करू नका, कारण पुढचा भाग मजकूर नसून आकडे आहेत आणि मजकुराचा प्रोग्राम ते बिघडवतो.

एमएनईमध्ये हेडरमधील ओळख पुसण्याची सोय आहे. ती वापरून फाइली नव्याने लिहाव्यात आणि नंतर प्रत्येक फाइल पुन्हा उघडून हेडर छापून पाहावा. साठ फाइलींचे हेडर एका सारणीत छापण्यासाठी आठ-दहा ओळींचा कोड पुरतो आणि सारणी नजरेखालून घालायला पाच मिनिटे लागतात. याशिवाय तंत्रज्ञाने नोंद चालू असताना टाइप केलेल्या टिपा तपासाव्यात. 'डोळे मिटले', 'झोपेत' अशा टिपांमध्ये अधूनमधून 'अमुक ताईंना खोकला आला' अशी टीपही असते आणि तिला कोणताही तयार प्रोग्राम नाव म्हणून ओळखत नाही. नोंदीसोबत व्हिडिओ असेल, तर तो पाठवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

'रुग्ण ०१' म्हणजे कोण, याची सारणी वेगळ्या ठिकाणी, कुलूपबंद ठेवावी. मित्राकडे ती जाऊ नये. आणि हे सर्व संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीत बसते का, बाहेरच्या व्यक्तीने विश्लेषण करणे प्रस्तावात लिहिले होते का, हे आधी पाहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत स्पष्ट आहेत आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आता आहे. प्रस्तावात ते नसेल, तर समितीकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. एखादा महिना जाईल, तो जाऊ द्यावा.

प्रश्न : मूळची साताऱ्याची, सध्या जर्मनीत पीएच.डी. करते. दोन वर्षांच्या नोंदी जमल्या आहेत : चेतापेशींच्या, कॅमेऱ्याच्या आणि उंदराने चाक फिरवल्याच्या. विश्लेषण येते, पण प्रत्येक वेळी फाइली शोधण्यात आणि एकमेकींशी जुळवण्यात अर्धा दिवस जातो. सगळे एनडब्ल्यूबी स्वरूपात नेऊन टाकावे का? — एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : आज नको. एनडब्ल्यूबी हे चेताविज्ञानातील नोंदींसाठीचे समाईक स्वरूप चांगले आहे. संकेत, वेळा, प्राण्याची माहिती आणि प्रयोगाचे तपशील त्यात एकाच फाइलीत नांदतात आणि डँडी या खुल्या संग्रहात नोंदी ठेवायच्या असतील, तर ते लागतेच. परंतु घरात पसारा असताना सगळे एका मोठ्या ट्रंकेत कोंबले, तर पसारा ट्रंकेत जातो, कमी होत नाही.

मूळ नोंदी एका फोल्डरमध्ये ठेवून त्या फोल्डरची लिहिण्याची परवानगीच काढून घ्यावी. हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी चाळणी लावलेला संकेत मूळ फाइलच्याच नावाने लिहून टाकणारी एक ओळ माझ्या कोडमध्ये होती आणि ती लक्षात येईपर्यंत अकरा नोंदींचे मूळ संकेत गेले होते. चूक सर्वस्वी माझी होती आणि दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून मूळ फाइल वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही, आणि तिचा चेकसम, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा पडताळ्याचा आकडा, वेगळा टिपलेला असतो.

नावांमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी. '०३-०४' हे आपण ३ एप्रिल वाचतो, अमेरिकेतील सहकारी ४ मार्च वाचतो, आणि वर्षाने सुरू होणारी नावे संगणक आपोआप काळाच्या क्रमाने लावतो. प्रत्येक नोंदीसाठी एका सारणीत एक ओळ असावी : प्राणी, तारीख, शलाकेची जागा, कोणत्या फाइली आहेत, काय बिघडले. 'काय बिघडले' हा रकाना सर्वांत मोलाचा, आणि तो त्याच संध्याकाळी भरला पाहिजे. 'विसाव्या मिनिटाला उंदीर झोपला' हे सहा महिन्यांनी कोणत्याही आलेखावरून खात्रीने सांगता येत नाही.

जुळवणीचा प्रश्न मात्र नावांचा नाही, घड्याळांचा आहे, आणि तुमचा अर्धा दिवस बहुधा तेथेच जातो. नोंद घेणारे यंत्र, कॅमेरा आणि चाक यांची घड्याळे स्वतंत्र चालतात. दोन घड्याळांत दहा लाखांत दहा भागांचा फरक असला, तरी तासाला ३६ मिलिसेकंदांची तफावत पडते. दृश्य दाखवल्यानंतर उंदराच्या मेंदूच्या दृष्टीशी संबंधित बाह्यकात प्रतिसाद उमटायला काही दहा मिलिसेकंदच लागतात. म्हणजे तासाभराच्या प्रयोगाच्या शेवटी प्रतिसाद जवळजवळ कारणाबरोबरच आलेला दिसू शकतो. केवळ आरंभाची वेळ जुळवून भागत नाही. तिन्ही यंत्रांना एकच विद्युत खूण पाठवावी, ती तिन्हींत नोंदवावी, आणि खुणांच्या वेळांवरून एका घड्याळाचे दुसऱ्या घड्याळात रूपांतर करावे. खूण सेकंदाला एक अशी नियमित असेल, तर मध्येच एक गळाल्यावर पुढच्या सगळ्या एकाने चुकतात आणि कळत नाही. म्हणून खुणांमधले अंतर कमी-जास्त ठेवतात, म्हणजे कोठून जुळवणी सुरू केली तरी क्रम ओळखता येतो. तुमच्या जुन्या नोंदींत अशी खूण असेल, तर हे रूपांतर एकदाच करून निकाल फाइलीत ठेवावा. एनडब्ल्यूबीकडे त्यानंतर वळावे, आणि तेव्हा ते दोन दिवसांचे काम असेल.

प्रश्न : आमच्या चार जणांच्या गटाने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी फिजिओनेटच्या ईईजी नोंदींवरून डावी मूठ की उजवी मूठ हे ओळखणारा प्रोग्राम केला. एका व्यक्तीच्या सर्व नोंदी घेतल्या, एआय साधनाची कोड लिहायला मदत घेतली. अचूकता ९८ टक्के आली आहे. यावर शोधनिबंध लिहावा का? — अभियांत्रिकीचे विद्यार्थी, सांगली

उत्तर : निबंधापूर्वी दोन गोष्टी तपासा. एआयची मदत घेतल्याबद्दल माझी तक्रार नाही, परंतु या संग्रहाची एक खोड त्या साधनाने तुम्हाला सांगितली नसावी. नोंदींत 'टी१' आणि 'टी२' अशा खुणा आहेत. ३, ४, ७, ८, ११ आणि १२ या क्रमांकांच्या नोंदींत टी१ म्हणजे डावी मूठ आणि टी२ म्हणजे उजवी. ५, ६, ९, १०, १३ आणि १४ मध्ये मात्र टी१ म्हणजे दोन्ही मुठी आणि टी२ म्हणजे दोन्ही पाय. तुम्ही 'सर्व नोंदी' घेतल्या असे लिहिले आहे. तसे असेल, तर तुमचा प्रोग्राम नेमके काय ओळखतो, हे सांगता येणार नाही. शिवाय निम्म्या नोंदींत हालचाल प्रत्यक्ष केलेली आहे आणि निम्म्यांत नुसती कल्पिलेली.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. एका नोंदीत मुठीचे प्रसंग पंधराच असतात, प्रत्येकी सुमारे चार सेकंदांचे. ते कमी वाटतात म्हणून बहुतेक गट प्रत्येक प्रसंगाचे एकमेकांवर चढलेले बारीक तुकडे पाडतात, सगळे पिसतात, आणि ऐंशी टक्के शिकवायला व वीस टक्के परीक्षेला ठेवतात. मग परीक्षेतल्या तुकड्याचा जुळा भाऊ शिकवणीत बसलेला असतो. प्रोग्राम मूठ ओळखत नाही, प्रसंग ओळखतो.

हे तपासण्यासाठी खुणा मुद्दाम गोंधळवून टाकाव्यात आणि अचूकता पुन्हा काढावी. ती पन्नासच्या आसपास आली पाहिजे. येथे एक बारकावा आहे. तुकडे पाडल्यानंतर खुणा पिसल्या, तर उत्तर पन्नास येते आणि सगळे ठीक आहे असा खोटा दिलासा मिळतो. खुणा तुकडे पाडण्यापूर्वी, प्रसंगागणिक पिसाव्यात, म्हणजे एका प्रसंगाच्या सर्व तुकड्यांना एकच खोटी खूण मिळेल. एवढ्यानंतरही अचूकता ऐंशी-नव्वद राहिली, तर गळती कोठे आहे ते तुमच्या हातात आले.

त्यानंतर ३, ७ आणि ११ या प्रत्यक्ष हालचालीच्या तीन नोंदी घ्याव्यात, दोहोंवर शिकवून तिसरीवर परीक्षा घ्यावी, आणि हे तिन्ही प्रकारे फिरवून पाहावे. आकडा बराच खाली येईल. साठ-पासष्टवर आला, तरी दचकू नये. प्रकल्पाच्या अहवालात ९८ आणि नवा आकडा असे दोन्ही छापावेत, खुणा पिसून आलेला तिसरा आकडा त्यांच्या शेजारी ठेवावा, आणि तोंडी परीक्षेला जाताना तिन्ही आलेखांचा एकच कागद बरोबर न्यावा.